आकडा नंतर, आधी माप

होळी झाली की नागपुरात दोन कामं निघतात: कूलरचं वुडवूल बदलणं आणि घराची डागडुजी. त्यामुळे यावेळची जवळपास सगळी पत्रं ठेकेदारांच्या भावाबद्दल आहेत.

बाथरूम तोडून नवीन करायचं आहे. ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ टाकली: "टोटल १,८५,०००, मटेरियलसकट." फोड मागितली तर म्हणतो, "इतकं बारीक काहून पाहून राहिले साहेब, भरोसा नाही का?" (मानेवाडा)

"कशाला किती पैसे?" असं तुम्ही विचारलं असणार. त्याच्या कानाला ते "तुला यात किती सुटतात?" असं ऐकू येतं, आणि ते सांगायला तो बांधील नाही. त्याला माप विचारा. टाइल किती चौरस फूट, किती उंचीपर्यंत? पाण्याचे पॉइंट किती? पाइप कोणत्या कंपनीचा? हे सांगायला त्याची ना नसते, आणि माप कळलं की भाव तुम्हाला इतवारीतल्या कुठल्याही दुकानात विचारता येतो.

समजा बाथरूम ५ बाय ८ आहे आणि टाइल सात फुटांपर्यंत. चारी भिंतींची लांबी २६ फूट, गुणिले ७ म्हणजे १८२. अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा, जमिनीचे ४० अधिक. झाले साधारण २०५ चौरस फूट. तुटफूट दहा टक्के धरली तरी २२५. त्याने ३०० धरले असतील तर उरलेल्या ७५ चं काय, हा प्रश्न भांडण न करता विचारता येतो. कधी उत्तर रास्तही असतं: टाइल तिरपी लावायची असेल तर तुकडे जास्त पडतात.

आता जे कोणी लिहीत नाही ते. माझ्या स्वतःच्या घरी, मी इंजिनिअर असून, फाटकाजवळ मलब्याचा ढीग नऊ दिवस पडून होता. "मलबा आपल्या भावात नव्हता ना साहेब." खरंच नव्हता, कारण मीच लिहून घेतला नव्हता. तेव्हापासून मलबा उचलणं ही माझी पहिली ओळ असते. दुसरी ओळ, जुने पितळी नळ कोणाचे. भंगारात पितळेला चांगला भाव येतो. तिसरी, टाइलखालचं वॉटरप्रूफिंग. ही ओळ कागदावर नसेल तर काम होणार नाही असंच धरा. वर टाइल बसली की कोण पाहतं?

गच्ची गळते. तीन जणांनी भाव दिले, तिसऱ्याचा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. कोण लुटतो आहे? (त्रिमूर्ती नगर)

बहुधा कोणीच नाही. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिलेत. पहिला वरून केमिकलचे कोट मारणार, दुसरा जुन्या कोब्यावरच (गच्चीवरच्या उताराच्या सिमेंट थरावरच) नवा थर टाकणार, तिसरा जुना कोबा फोडून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा करणार. "वॉटरप्रूफिंग, इतके रुपये फूट" असं तिघांनीही लिहिलं, म्हणून तुलना झाली.

तिघांना एकच कागद द्या: जुना थर काढणार का, भेगा कशाने भरणार, किती कोट, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यातला वाटा, म्हणजे कठडा आणि गच्ची जुळतात तिथली सिमेंटची गोलाई, धरला आहे का, आणि कोब्याची जाडी. जाडीपाशी थांबा. "दोन इंच कोबा" म्हणजे सरासरी दोन इंच, की पावसाळी पाइपाच्या तोंडाशी दोन इंच? शंभराला एक असा उतार धरला तर दहा फुटांना साधारण सव्वा इंच चढतो. गच्ची तीस फूट लांब असेल आणि पाणी एकाच बाजूला काढायचं असेल, तर दुसऱ्या टोकाला साडेतीन इंच जास्तीचा माल लागतो. रेती, सिमेंट, मजुरी सगळं तिथे वाढतं. कागदावर सरासरी जाडी असली की कामाच्या मधोमध "माल जास्त लागला" ऐकावं लागत नाही.

आपल्याकडे आणखी एक खर्च असतो, तो म्हणजे पाणी. कोरड्या, कडक उन्हात सिमेंटच्या कामाला किमान दहा दिवस ओल लागते. ते पाणी कोण मारणार? टँकर मागवावा लागला तर पैसे कोणाचे? तेही लिहा. शेवटचा हप्ता ४८ तास पाणी तुंबवून पाहिल्यावरच द्या. आणि कृपा करून नव्या कोब्यात कूलरच्या स्टँडसाठी ड्रिल मारू नका. दरवर्षी कोणीतरी मारतंच.

पेंटर म्हणतो, ८०० फुटांचा फ्लॅट, साडेतीनपट धरून २,८०० फूट. हा हिशोब बरोबर का? (प्रताप नगर)

हा अंदाज आहे, हिशोब नाही. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली मोजा: भिंती ४४०, छत १२०, मिळून ५६०. एक दार, एक खिडकी वजा केली तरी सवाचारपटीच्या वर जाते! उलट स्वयंपाकघरात टाइल, बेडरूममध्ये भिंतभर कपाट, तिथे रंगच नाही. म्हणजे मोजणी तुमच्यावरही उलटू शकते. तरीही टेप लावा, पण दर ठरवण्याआधी. आपल्या फायद्याचं दिसलं की मोजायचं, नाहीतर गप्प बसायचं, हे पेंटरही ओळखतो.

दारं-खिडक्यांवरून वाद झाला तर मोजणीच्या भारतीय मानकाची, आयएस १२०० ची, प्लास्टरसाठीची रीत वापरा: भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच काम असेल, तर अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडकीची वजावट एकाच बाजूने. कडांचं काम त्यात भरून निघतं. पैशांचा खरा फरक मात्र पुट्टीत असतो. पूर्ण भिंतीला दोन हात की नुसतं टचअप, हे लिहून घ्या.

आमचा मिस्त्री ठिय्यावरचा आहे, माणूस चांगला, पण लिहिता येत नाही. त्याच्याकडे कसलं अंदाजपत्रक मागू? (महाल)

मागू नका, तुम्ही लिहा. चहा द्या, वही काढा. तो सांगेल तसं उतरवा, वाचून दाखवा, दोघांकडे फोटो ठेवा. असे मिस्त्री तोंडी हिशोब झकास करतात. रेती किती घमेली, सिमेंट किती पोती, त्याला तोंडपाठ असतं.

साध्या कागदावर भाव देऊन खाली लिहिलंय: जीएसटी १८ टक्के वेगळा. द्यायचा का? (सक्करदरा)

पंधरा अंकी जीएसटी क्रमांक मागा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते पाहा. नोंदणी नसलेल्याला, किंवा कंपोझिशन योजनेतल्याला (छोट्या व्यावसायिकांची कमी दराची योजना), ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के रास्त आहे, पण करासहित पक्कं बिल घ्या. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. भाव त्याआधीचा असेल तर सिमेंटची ओळ पुन्हा विचारा.

काम संपलं, आता ठेकेदार २२,००० "वाढीव कामाचे" मागतो. लेखी काहीच नाही. (नंदनवन)

वाढीव म्हणजे नेमकं काय, माप सांग म्हणा, आणि त्याच्यासमोर मोजा. जे खरंच तुम्ही नंतर सांगितलं असेल त्याचे पैसे द्या, ते बुडवू नका. बाकीचं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून नाकारा. जुने मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी, कामाचे फोटो जपून ठेवा. काम अडवून किंवा अर्धवट ठेवून पैसे उकळत असेल तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं.