आईच्या डोक्यातली 11 वर्षांची जट कापली तर काय होईल?

प्रश्न असा आहे: "माझ्या आईच्या डोक्यात 11 वर्षांपासून जट आहे. कापायला तयार होते आणि ऐन वेळी माघार घेते. जट कापल्यावर खरंच नव्यानं आयुष्य सुरू होतं का, की काही वाईट घडतं? स्वतः कापलेल्या कुणी सांगेल का?"

मी सांगते. माझ्या डोक्यात 12 वर्षं जट होती. 2004 मध्ये आली, 2016 च्या मे महिन्यात कापली. कापायला पाऊण तास लागला.

"आली" असंच आम्ही म्हणतो, पाहुणी आल्यासारखं. धाकटी पोरगी चार महिन्यांची असताना मला टायफॉईड झाला. तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. डोक्यावरून पाणी नाही, केसांना फणी नाही. उठले तेव्हा मानेवर, उशीला घासतं त्या जागी, लिंबाएवढा गुंता झालेला. खोबरेल लावून सोडवायला बसले तर फणीचे दोन दात मोडले. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं बघितलं. "आगं, हात लावू नगंस. आईनं जट दिलीया." आणि माझ्या हातातली फणी काढून घेतली.

माझं सासर गडहिंग्लजच्या बाजूचं. सौंदत्तीची यल्लम्मा देवी, तीच ही "आई", आमच्याकडं घरोघरी. पुढच्या मंगळवारी आत्याबाईंनी (सासूला आम्ही आत्याच म्हणतो) त्या गुंत्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, भंडारा भरला. गुंत्याची जट झाली ती त्या मंगळवारी. टायफॉईडनं नुसता गुंता केला होता.

मग काय, फणी बंद. डोक्यावरून पाणी कधीतरीच, कारण जट भिजली की दोन दिवस वाळायची नाही आणि वास सुटायचा. कातडीच्या डॉक्टरांनी पुढं मला नीट समजावलं. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात. विंचरले नाहीत तर ते एकमेकांत अडकतात. लोकरीचं घोंगडं पाण्यात घालून मळलं की कसं घट्ट होतं, तसंच. त्यात माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात. एरवी ते फणीत येतात, इथं ते आतच अडकून राहतात. त्यात तेल, भंडारा, धूळ, उवा. म्हणून जट जाड होत जाते आणि लोकांना वाटतं, देवी वाढवतेय. याला वैद्यकात नाव काय आहे माहितीय का? प्लायका पोलोनिका. पोलोनिका म्हणजे पोलंडची. तिकडं पूर्वी हे इतकं असायचं, की आजाराला देशाचंच नाव पडलं. आणि तिथल्या लोकांनाही भीती हीच, कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल. क्राको शहरातल्या युझेफ डीटल नावाच्या डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात त्याविरुद्ध मोहीम काढली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, पोलंडात कुठली आली यल्लम्मा? ते हसले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आता जे सांगते ते तुम्हाला व्याख्यानात कुणी सांगणार नाही. जटेनं मला त्रास दिला तसं काही दिलंही. मान दुखायची, एकाच कुशीवर झोपावं लागायचं, डोक्यात जखमा होत्या, हे खरं. पण जट यायच्या आधी आमचे मालक दारू पिऊन आले की माझ्यावर हात टाकायचे. जट आल्यावर बंद झालं. देवीच्या बाईवर कोण हात उचलेल? मंगळवारी, शुक्रवारी गल्लीतल्या बायका पाया पडायला यायच्या. मला उपवासाला कुणी कामं सांगायचं नाही. ज्या घरात मी ताटाला ताट लावून जेवू शकत नव्हते, त्या घरात माझ्यासाठी पहिला घास निघायला लागला. मी सातवी शिकलेली, 22 वर्षांची पोर. मला दुसरा कुठला मान मिळणार होता?

म्हणून तुम्हाला पहिली विनंती. आईला "ही अंधश्रद्धा आहे" हे ऐकवण्याआधी, जटेमुळं तिला काय मिळतंय ते शांतपणे बघा. कदाचित काहीच नसेल, नुसतं भय असेल. पण काही असलं, तर कात्रीबरोबर ते जाणार हे तिला तुमच्या आधी कळलंय. ती ऐन वेळी माघार घेते ती उगीच नसेल.

मी का कापली? पोरीमुळं. ती बारा वर्षांची होत आली होती, परीक्षेच्या नादात आठवडाभर केस नीट विंचरले नव्हते. आत्याबाईंनी तिच्या मानेवर हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "आई हिच्याबी डोस्क्यात याय लागली बघ." त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझ्या माहेरी एक चुलत आत्या होती. नऊ वर्षांची असताना जट निघाली म्हणून तिला देवाला सोडलेलं, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची, दर्शन म्हणतात ती माळ बांधून. पुढं तिचं काय झालं ते इथं लिहीत नाही. महाराष्ट्रात देवदासी सोडण्याविरुद्ध 2005 चा कायदा आहे, कर्नाटकात 1982 पासून आहे. मला तेव्हा कायदाबियदा माहीत नव्हता. मी पोरीला मागच्या खोलीत नेलं, कडी लावली आणि वाटीभर तेल घेऊन बसले. शेवटाकडून वर, एकेक बट. दीड तास लागला. पोरगी रडली, पण गुंता सुटला. सगळा सुटला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, माझाही सुटला असता. 2004 मध्ये, दीड तासात.

इचलकरंजीत आम्ही तोवर आठ वर्षं राहत होतो. मालक कापडाच्या मागावर जायचे, मी घरी सुताच्या कांड्या भरायची. ओळखीच्या एका बाईनं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ताईंची गाठ घालून दिली. त्या तीन वेळा घरी आल्या. दोन वेळा जटेचा विषयसुद्धा काढला नाही, चहा पिऊन, आत्याबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करून गेल्या. मी तेव्हा वैतागले होते, आज कळतं की तेच खरं काम होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "देवीला लेकीच्या मानेला झालेल्या जखमा आवडत असतील का हो?" आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण संमतीच्या कागदावर अंगठा त्यांनीच आधी दिला.

कापायला ब्लेड, साधी कात्री चालत नाही. शिंप्याची मोठी कात्री लागते, आणि एकदम नाही, मुळापासून दोन बोटं सोडून थोडं थोडं कापत जायचं. दुखत नाही. केस कातडीबाहेर आला की तो निर्जीवच असतो. आईला हे दहा वेळा सांगा, कारण जटेतून रक्त येतं असं आमच्याकडं सगळे सांगायचे, आणि मी पूर्ण पाऊण तास खाली पांढऱ्या टॉवेलकडं टक लावून बसले होते. लाल काही पडलं नाही. उवा पडल्या. जट भरली साडेतीन फूट. नंतर डोकं धुतलं, डॉक्टरांनी जखमांना मलम आणि उवांना औषध दिलं. मान मात्र चार दिवस वेड्यासारखी करत होती. इतकी वर्षं मागं ओढणारं वजन गेलं, तर मान आपोआप पुढं झुकायची, चालताना तोल जातोय असं वाटायचं. हे होतं, घाबरू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वाईट घडतं का? घडलं ना. अकराव्या दिवशी गावाकडची शेळी मेली. दोन महिन्यांनी आत्याबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुबा मोडला. सगळं माझ्या नावावर जमा झालं. गल्लीतल्या दोघी-तिघींनी हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं. एक देवऋषी दारात येऊन म्हणाला, आईचा कोप आहे, पाच हजारांत शांत करून देतो. समितीच्या ताईंनी सांगितलं होतं की अंगात शक्ती आहे म्हणून अशी भीती घालणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. मी फक्त "पोलीस चौकीत येता का, तिथं बोलू" एवढंच म्हटलं. परत आला नाही. मग एका रात्री मी वहीत मांडलं, जट असतानाच्या 12 वर्षांत काय काय झालं. मालकांचं बोट मागात गेलं. थोरल्याला डेंग्यू. सासरे वारले. दोन म्हशी गेल्या. ही यादी कुणी जटेच्या नावावर लिहिली नव्हती. आत्याबाईंना खाटेवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "म्हशी तीन गेल्या. पांढऱ्या कपाळाची इसरलीस."

आणि नवं आयुष्य? एका दिवसात काही नाही. पाया पडणारे गेले. मालकांनी एकदा पिऊन पुन्हा हात उगारला, तेव्हा आडवी यायला जट नव्हती. पोरगी आली, आणि मग मीही. ते वेगळं प्रकरण आहे, पण सुटलं. कापल्यावर पाच महिन्यांनी मला मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये चपात्या लाटायचं काम लागलं. आधी तिथंच मला वासामुळं दारातून परत पाठवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी डोक्यावर घालायची टोपी दिली आणि ती बसली, कानापर्यंत, नीट. मला त्याचंच अप्रूप. आज तिथं आठ वर्षांच्या वर झाली. देव्हाऱ्यात यल्लम्मा आहेच. परडी भरते, आंबील करते. तिच्याशी माझं भांडण नव्हतंच कधी.

तुम्ही पुण्याच्या बाजूला असाल तर समितीच्या नंदिनी जाधव यांचं काम विचारा. त्यांनी दोनशेच्या वर बायकांच्या जटा सोडवल्यात, आणि त्या स्वतः ब्यूटीपार्लर चालवायच्या, म्हणजे केसांतलं त्यांना कळतं. इतर जिल्ह्यांतही समितीच्या शाखा आहेत. एक मात्र करू नका. आई झोपेत असताना कापू नका. असं एका घरात केलेलं मी बघितलंय. ती बाई वर्षभर अंथरुणात होती, आणि तिला काय झालं होतं ते कुठल्याच तपासणीत सापडलं नाही.

कापलेल्या जटेचं काय करायचं, हे आई नक्की विचारेल. मला टाकवेना. पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली. सौंदत्तीला नेऊ, नदीत सोडू, असं करत आठ महिने गेले. एक दिवस माळ्यावर चूंचूं ऐकू आलं म्हणून पिशवी उतरवली, तर उंदरीण त्यात व्यालेली. पाच पिल्लं, डोळे न उघडलेली, गुलाबी. माझे हात थरथरायला लागले. आत्याबाई काठी टेकत आल्या, पिशवीत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मऊ लागलं असंल तिला," म्हणाल्या. "पिल्लं मोठी झाली की टाक उकिरड्यावर."