पोळ्याची शपथ आणि जागलीतली बिडी

पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार, वय ४३. वीस-बावीस वर्षांपासून बिडी ओढतो, रोज एक बंडल. वर दोन खर्रे (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले). सगळे मिळून दिवसाचे ८० रुपये जातात. यंदा पोळ्याला बैलजोडीसमोर शपथ घेतली आणि दोन्ही सोडलं. वर्ष काढलं तर स्वतःला नवा मोबाईल घ्यायचा, हेही ठरवलं होतं. अकरा दिवस काढले. बाराव्या रात्री शेतात जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला गेलो, धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं बिडी पुढे केली आणि घेतली. शपथ मोडलीच आहे म्हणून सकाळी बंडलच आणलं. आता हरभऱ्याला रात्रीचं ओलित (पाणी देणं) सुरू आहे. पुन्हा सोडावी वाटते, पण जोर येत नाही. बायको दिवसभर बोलून दाखवते, नववीतली मुलगी तर बोलतच नाही. काय करू?

उत्तर :

भाऊ, निकोटिन बंद केल्यावर शरीराची ओढाताण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. चिडचिड, डोकं जड, झोप उडणं, पोट साफ न होणं, हे सगळं तेव्हाच होतं. पहिल्या आठवड्यानंतर ते हळूहळू उतरतं आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक संपतं. म्हणजे सगळ्यात अवघड भाग तुम्ही औषधाशिवाय, एकट्याने पार केला होता. बाराव्या रात्रीचं कारण वेगळं आहे. अंधार, रिकामे हात आणि वर्षानुवर्षं त्याच बांधावर, त्याच वेळी ओढलेली बिडी. त्या रात्रीची तयारी शपथेत नव्हती.

शपथेची अडचण अशी की ती एका झुरक्यात मोडते आणि मोडली की माणूस पूर्ण बंडल आणतो. एक बिडी ओढली म्हणजे एक बिडी ओढली, एवढाच तिचा हिशेब. या वेळी शपथ नको, तारीख ठरवा. कृषिपंपाची लाईन आळीपाळीने दिवसाची-रात्रीची येते, हे तुम्हाला सांगायला नको. ज्या आठवड्यात दिवसाची पाळी असेल, त्याचा पहिला दिवस धरा. पहिले सहा-सात दिवस रात्री घरी झोपायला मिळालं पाहिजे. तारीख दोन आठवड्यांच्या आतली हवी, लांबवली की ती पुढच्या पोळ्यावर जाते.

बिडी आणि खर्रा एकाच दिवशी सोडा. "आधी बिडी सोडतो, खर्रा नंतर बघू" असं करणाऱ्याचे दोनाचे पाच खर्रे होतात, कारण निकोटिनची भूक तीच राहते, फक्त वाट बदलते. बिडी लहान म्हणून हलकी, असं गावात बोलतात तेही खरं नाही. तेंदूपानाची बिडी सारखी विझते, म्हणून ती जोराने आणि वरचेवर ओढावी लागते. तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्त आत जातं. खर्रा सोडल्यावर नुसती सुपारी चघळायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. सुपारी स्वतःच कॅन्सर करते.

तारखेआधी एक तपासणी घरीच करा. हाताची तीन बोटं एकावर एक ठेवून उभी तोंडात घाला. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. वीस वर्षं खर्रा खाणाऱ्यानं हे टाळू नये. बिडीमुळे खोकला आहे म्हणून तो अंगवळणी पडलेला असतो, पण दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. टीबीची ही तपासणी फुकट होते.

आता औषधाचं. अकरा दिवस नुसत्या जिद्दीवर काढलेत, तर औषधाच्या आधाराने पुढचे आठवडे निघण्याची शक्यता बरीच वाढते. निकोटिनचा च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतो. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर सवय खोल आहे, ४ चा विचारा. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान ९. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी, मग बंद. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. "दोन खाल्ले, काही फरक पडला नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा दोनच खाल्लेले असतात.

दुसरी चूक चावण्याची. हा साध्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही. आठ-दहा वेळा सावकाश चावा, तोंडात तिखटसर चव आणि झिणझिण्या आल्या की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. खर्रा ठेवायची जागा तुम्हाला माहीतच आहे. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावा, जागा बदला. एक च्युइंगम अर्धा तास पुरतो. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मग उचकी, जळजळ, मळमळ होते आणि "मला सोसत नाही" म्हणून माणूस पाकीट फेकतो. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, सरबत, संत्रं काही नको. आंबट पदार्थाने निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही. आपल्याकडे हिवाळ्यात खिशात संत्री असतातच, म्हणून मुद्दाम सांगितलं. तोंडाला जखमा असतील किंवा तोंड उघडत नसेल तर च्युइंगमऐवजी चामडीवर लावायची निकोटिन पट्टी असते. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दम्यासाठी थिओफिलीनची गोळी चालू असेल तर बिडी सोडतोय हे आधी सांगा. धूर बंद झाला की तिची मात्रा कमी करावी लागू शकते.

चहाचंही तसंच. बिडीच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफीन लवकर बाहेर टाकतं. बिडी थांबली की तोच चहा जास्त चढतो, छातीत धडधड होते, झोप येत नाही, आणि दोष बिडी सोडल्याला दिला जातो. पहिल्याच दिवसापासून चहा निम्मा करा.

या च्युइंगमचा खर्च मात्र सुरुवातीला तुमच्या ८० रुपयांएवढा किंवा त्याहून जास्तही जाईल. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा. समुपदेशन फुकट असतं, औषध साठ्यात आहे का तेही विचारा. तिथे जाणं जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. बिडीच्या बंडलावर तो छापलेला असतो. खर्र्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, ना क्रमांक ना इशारा.

आता बक्षीस. वर्षाच्या टोकाला ठेवलेला मोबाईल जागलीच्या रात्री दोन वाजता उपयोगाचा नाही. बिडी सुख देते ते काही सेकंदांत, त्याच्यासमोर ३६५ दिवसांनी मिळणारी वस्तू टिकत नाही. बक्षीस लहान, लवकर आणि ठरलेलं हवं, आणि ते दुसऱ्याच्या हातात हवं. पहिले तीन महिने रोज २० रुपये एका डब्यात टाका. डबा मुलीकडे द्या. संध्याकाळी जेवणाआधी तिने एकच विचारायचं, "आज?" आणि उत्तर "निरंक" असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून २० रुपये टाकून घ्यायचे. तुमच्याशी न बोलणाऱ्या पोरीला रोजचं एक वाक्य मिळेल, हा यातला वरचा फायदा.

तिसऱ्या दिवशी डब्यात ६० रुपये असतील. तेव्हाच पहिलं बक्षीस घ्या, किलोभर संत्री किंवा तुम्हाला आवडेल ते. तिसरा दिवस सगळ्यात कठीण, म्हणून पहिलं बक्षीस तिथे. सातव्या दिवशी ८० उरतात, त्यात आवडीची भाजी आणा. पंधराव्या दिवशी डोक्याला लावायची टॉर्च घ्या, कमी पडतील तेवढे घरून घाला, कारण पुढच्या रात्रीच्या ओलिताला ती लागेल. महिन्याचं बक्षीस बायको ठरवेल, तीन महिन्यांचं मुलगी. काय द्यायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा, त्या दिवशी विचार करायला बसू नका. बक्षीस म्हणून मित्रांसोबत बसायचा कार्यक्रम नको. दारूच्या दुसऱ्या ग्लासासोबत पहिली बिडी येते, हे तुम्ही गावात पाहिलंच असेल. मोबाईल यादीतून काढायची गरज नाही, शेवटच्या ओळीत राहू द्या. बारा आठवड्यांनी च्युइंगम संपला की पूर्ण ८० रुपये मोकळे होतात, महिन्याचे २,४००. पोस्टात आवर्ती ठेव काढा, ती १०० रुपयांपासून सुरू होते.

मध्येच बिडी ओढली गेली तर? डब्यातले पैसे काढून घ्यायचे नाहीत, दंडही नाही. त्या दिवशीचे २० रुपये पडणार नाहीत आणि पुढच्या बक्षिसाची मोजणी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून होईल, एवढंच. उरलेलं बंडल लगेच पाण्यात टाका. मग डब्याच्या कागदावर लिहा की कुठे, किती वाजता, कोणासोबत. दोनदा एकच जागा आली तर तिथे जाणं महिनाभर बंद.

रात्रीची पाळी आली की तिची वेगळी तयारी करा. माचीस घरी. शेकोटी लागणार असेल तर ती सोबत्याने पेटवावी. घरून निघताना एक च्युइंगम, पंप सुरू केल्यावर दुसरा. खिशात फुटाणे, बडीशेप, लवंग. थर्मासमध्ये आलं आणि गवती चहा घातलेलं गरम पाणी. तलफ आली की ती साधारण पाच मिनिटं चढते आणि उतरते, कधी दहा. तेवढ्या वेळात स्प्रिंकलरचे पाइप बदला, धुऱ्याला एक चक्कर मारा, घोट घोट पाणी प्या. एका जागी बसून तलफेशी भांडू नका. आणि शेजाऱ्याला दिवसा, उजेडात सांगून ठेवा, "मले बिडी देऊ नको, सोडली म्या. मागितली तरी देऊ नको." ऐनवेळी नाही म्हणण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं जातं. पानठेल्यावर दोन महिने पाय ठेवू नका, उधारी असेल तर मुलाबाळांच्या नाही, भावाच्या हाती पाठवा. वेचणीच्या मजुरांना खर्रा-बिडी पुरवायची रीत असेल तर त्याऐवजी गूळ-शेंगदाणे द्या. निदान ती खरेदी तुमच्या हातून नको.

वहिनींसाठी थोडं. ताई, वीस वर्षांचा राग खोटा नाही. पण पहिले तीन आठवडे तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं आणि "पाहू किती दिवस टिकते" हे वाक्य, तिन्ही बंद ठेवा. त्याने माणूस बिडी सोडत नाही, लपवायला शिकतो. चिडचिड झाली तर ती औषध कमी पडल्याची खूण समजा आणि विचारा, "आज किती च्युइंगम झाले?" घरात कुणी गुडाखू किंवा तंबाखूचं मंजन लावत असेल तर तेही त्याच तारखेला बंद करा, नाहीतर डबी समोरच राहते.

भाऊ, पहिल्या महिन्यात खोकला वाढल्यासारखा वाटेल, कफ सुटेल. छाती साफ होत असते, त्याला घाबरून बिडी पेटवू नका. कफात रक्त दिसलं, ताप राहिला किंवा वजन उतरू लागलं तर मात्र थेट आरोग्य केंद्र गाठा. भूक वाढेल, वजन दोन-चार किलो चढू शकतं. पोट साफ होत नसेल तर पाणी वाढवा, जेवणात भाजी वाढवा. फवारणीचे दिवस आले की अजून एक गोष्ट कळेल. औषधाच्या हाताने बिडी तोंडाला लावणं आपोआप थांबलेलं असेल.

पहिलं काम या आठवड्यातलं : लाईनचं वेळापत्रक पाहून तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि डबा मुलीच्या हातात द्या. तारखेच्या आदल्या संध्याकाळी घरातली, कोठ्यातली, गाडीच्या डिकीतली आणि शेतातल्या खोपडीतली बंडलं शोधून काढा. खोपडीतलं हमखास विसरतं.