कोळंबी, कासव आणि कोर्ट

प्रश्न : हर्णैला आमची बोट आहे. अमेरिकेने २०२५मध्ये ५० टक्के कर लावला म्हणून व्यापाऱ्याने कोळंबीचा भाव पाडला. दाद मागायला जगात कोर्ट आहे, की तेही आमच्या बुडालेल्या पतसंस्थेसारखं? बोर्ड आहे, आत कुणी नाही!

उत्तर : दादा, पतसंस्थेची उपमा अगदी बरोबर बसते. जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर सात सदस्य हवेत. अमेरिकेने नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर २०१९पासून सुनावणीपुरते तिघेही उरले नाहीत. हरलेला देश अपील ठोकतो, फाईल तिथेच कुजते. याच मंडळापुढे १९९८मध्ये भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड अमेरिकेशी भांडले, तेही कोळंबीवरूनच, आणि जिंकले! आता युरोपीय संघ, चीन वगैरेंनी आपली वेगळी लवाद व्यवस्था काढली आहे. भारत तिच्यात नाही.

पण तुमचा व्यापारी? अमेरिकेला जाते ती मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत पाळलेली वनामी जातीची कोळंबी. जाळ्यातून कासव सुटायची सोय नाही म्हणून आपली समुद्रातली कोळंबी अमेरिकेने काही वर्षांपूर्वीच बंद केली. वनामी देशात तुंबली तर भाव थोडा उतरेल, हे खरं. बाकीचं त्याला लिलावातच, चारचौघांत विचारा.