"मुलं किती?" विचारलं की काय सांगू?

"दोन वर्षांपूर्वी आमचा आठ वर्षांचा मुलगा ब्लड कॅन्सरने गेला. ह्यांनी त्याचे फोटो उतरवले, विषय निघाला की उठून जातात. परवा कुणीतरी विचारलं, मुलं किती? मी 'एक मुलगी' म्हणाले आणि रात्रभर डोळा लागला नाही. केमोत केस गेल्यावर तो जी लोकरीची टोपी घालायचा, ती मी पिशवीत बांधून ठेवलीय, वास उडू नये म्हणून. पहिल्यांदा ताप आला तेव्हाच तपासायला हवं होतं. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस. सगळे म्हणतात, आता बाहेर पड."

ताई, टोपीपाशी आले आणि पत्र जरा वेळ खाली ठेवलं.

आधी तापाचं. ल्युकेमियाची, म्हणजे ह्या ब्लड कॅन्सरची, सुरुवात बहुतेकदा ताप, थकवा, पाय दुखणं अशीच होते; साध्या दुखण्यात आणि त्यात फरक डॉक्टरांनाही चटकन कळत नाही. शिवाय लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं नेमकं कारणच सापडत नाही. तुम्ही दुर्लक्ष केलं नाहीत.

"एक" म्हणालात म्हणून त्याला नाकारलं नाहीत. कुणापुढे काळीज उघडं करायचं, हे तुम्ही ठरवायचं. पण सांगावंसं वाटेल तिथे सरळ सांगा, "दोन. थोरला आता नाही." समोरचा गडबडेल. गडबडू दे, त्याला सावरणं तुमचं काम नाही.

आणि बाहेर कशातून पडायचं? गेलेल्याशी नातं तोडल्याशिवाय दुःख सरत नाही, असं पूर्वी जाणकारही मानत. १९९० च्या दशकात शोकाच्या अभ्यासकांनीच ते खोडून काढलं. मात्र जेवण-झोप उडाली असेल, जगणं नकोसं होत असेल, तर समुपदेशकाकडे जाच, उशीर करू नका.

ह्यांना फोटो बघवत नाहीत म्हणूनच त्यांनी ते उतरवले असणार. वाढदिवसाला त्यांच्याकडे त्याची एकच आठवण मागा. तोंडाने सांगवलं नाही तर चिठ्ठीवर लिहू दे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मूल गमावलेले आईबाप जगभर आपापल्या घड्याळात संध्याकाळी सात वाजता मेणबत्ती लावतात. एका देशातली विझत आली की पुढच्या देशातली पेटते. तुम्ही दोघं वाढदिवसालाच लावा, लेकीला जवळ घेऊन. तिला टोपी हातात घेऊ द्या, दादाबद्दल विचारेल ते सांगा.

एवढ्या पत्रात तुम्ही त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात लिहा. छापणार नाही, मला वाचायचंय.