गोळी कुटून दिली तर चालते का?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय 74 आहे. मधुमेहासाठी बेळगावच्या डॉक्टरांनी त्यांना मेटफॉर्मिन एसआर 1000 ही गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आहे. ती त्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून मी खलबत्त्यात कुटून ताकातून देते. त्या अख्खी गोळी घेत असत तेव्हा शौचातून गोळीच्याच आकाराचा मऊ गोळा पडलेला दोनदा दिसला होता. औषध अंगी लागत नसावे, असेही मला वाटले. आता मात्र त्यांना मळमळ आणि जुलाब होतात. माझे चुकते आहे का?
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : गोळी कुटणे आजपासूनच थांबवावे. आपण हे मायेने करत होता, हे पत्रावरून स्पष्ट दिसते. पण एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी; तिच्यात औषधाइतकीच तिची घडणही महत्त्वाची असते आणि कुटल्याने नेमकी तीच मोडते.

पाण्यात भिजवलेला सब्जा आठवावा. दाण्याभोवती जसे बुळबुळीत आवरण धरते, तसेच एसआर गोळीतील एचपीएमसी हा सेल्युलोजपासून बनवलेला पदार्थ पोटातील पाणी शोषून गोळीभोवती जेलचा थर तयार करतो. मेटफॉर्मिन पाण्यात झटकन विरघळते, परंतु या थरातून वाट काढत बाहेर पडायला त्याला कित्येक तास लागतात. हे औषध मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. पोटात अन्न असले की फुगलेली गोळी जठरात अधिक वेळ राहते आणि औषध त्या भागाकडे थोडेथोडे जात राहते; जेवणाबरोबर घ्यायला सांगतात ते यासाठीच. कुटलेल्या गोळीतून मात्र पूर्ण 1000 मिलिग्रॅम औषध जवळजवळ एकदमच सुटते. मळमळ आणि जुलाब त्यानेच होत असण्याची शक्यता मोठी आहे.

शौचात दिसलेला गोळा म्हणजे औषध सोडून उरलेले जेलचे कलेवर होते. औषध अंगी लागले होते.

जुलाबाची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर लगेच घालावी, पुढच्या फेरीची वाट पाहू नये. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर जाते आणि या वयात अंगातील पाणी कमी झाले तर तिकडेच अडचण होते. त्याच वेळी गोळी गिळता येत नसल्याचेही सांगावे. साधी, एसआर नसलेली मेटफॉर्मिन लहान मात्रेत, दिवसातून दोन-तीन वेळा जेवणाबरोबर देता येते; मात्र हा बदल डॉक्टरांनीच ठरवावा. घरातील इतर औषधांच्या पाकिटांवरही एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर ही हळू सुटणाऱ्या औषधाची अक्षरे आहेत का, ते पाहावे. रक्तदाबासाठी दिली जाणारी निफेडिपिनची अशी गोळी कुटली, तर रक्तदाब अचानक खाली येऊन माणूस कोसळू शकतो. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्या मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात, कारण त्यांतील प्रत्येक बारीक कणावर स्वतंत्र आवरण असते. चावायच्या किंवा कुटायच्या मात्र त्याही नाहीत.

प्रश्न : एचपीएमसी जास्त घातले की औषध हळू सुटते, असे आम्हाला शिकवले आहे. मग ते भरपूर का घालत नाहीत?
— डी. फार्म. विद्यार्थी, निपाणी

उत्तर : वरचे पत्र पुन्हा वाचावे. जिथे औषधच 1000 मिलिग्रॅम आहे, तिथे एचपीएमसी वाढवत गेल्यास गोळी कोणालाच गिळता येणार नाही. म्हणून प्रमाण वाढवण्याआधी के 100 एमसारखा अधिक चिकटपणाचा प्रकार निवडून पाहतात, आणि 37 अंश सेल्सिअसच्या द्रवात गोळी फिरवून कोणत्या तासाला किती औषध सुटले ते मोजतात. गोळीची लांबी-जाडी मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहावी. ती गिळणाऱ्यांत या सासूबाईंच्या वयाचेही रुग्ण असतात.