बेन सिराचं पुस्तक ज्यूंच्या शास्त्रात का नाही?

कॅथलिक बायबलात बेन सिराचं पुस्तक आहे, प्रॉटेस्टंट लोक वापरतात त्या बायबल सोसायटीच्या ‘पवित्र शास्त्रा’त नाही, आणि लेखक ज्यू असूनही ज्यूंच्या शास्त्रात नाही, मग ते काढलं कुणी, असं तुम्ही विचारलंय.

बेन सिराने हे उपदेशवचनांचं पुस्तक जेरुसलेममध्ये इ.स.पू. 180 च्या सुमारास हिब्रूत लिहिलं आणि शेवटी स्वतःचं नाव घातलं. माझ्या मते तिथेच गाडं अडलं. संदेष्ट्यांचा काळ संपल्यानंतरच्या लेखनाला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, पवित्र मानत नव्हते, आणि हे तर उघडच अलीकडचं होतं. सगळंच व्यर्थ म्हणणाऱ्या ‘उपदेशक’ या बायबलातल्या पुस्तकावरही त्यांच्यात वाद झाला, पण ते शलमोन राजाच्या नावावर होतं, म्हणून राहिलं. वादाची भाषा मोठी विलक्षण आहे: हे पुस्तक ‘हात अशुद्ध करतं’ का? करत असेल तर ते पवित्र! बेन सिराचं करत नाही, असा निर्णय तोसेफ्ता या रब्बींच्या जुन्या संग्रहात नोंदलेला आहे.

तरी ते कुणी टाकून दिलं नाही. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात रव योसेफ नावाचे रब्बी म्हणतात की बेन सिरा वाचू नये, आणि पुढे तेच म्हणतात, त्यातलं चांगलं मात्र आम्ही शिकवतो. एका ठिकाणी तर त्याचं वचन ‘केतुवीम’मधलं, म्हणजे चक्क शास्त्रातलं म्हणून दिलंय. मला हे फार आवडतं.

ख्रिस्ती लोकांकडे ते ग्रीकमधून आलं. लेखकाचा नातू इ.स.पू. 132 मध्ये इजिप्तला गेला, तिथे त्याने भाषांतर केलं. पुढे प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथरने 1534 च्या जर्मन बायबलात ते वेगळ्या विभागात ठेवलं, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये ते शास्त्रच असल्याचं ठरवलं. तुमच्या दोन बायबलांतला फरक या वादातून आलाय.

मूळ हिब्रू मात्र कित्येक शतकं हरवलं होतं. 1896 मध्ये कैरोच्या सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनास्थळातल्या) जुन्या कागदांतलं त्याचं एक पान सोलोमन शेख्टर या अभ्यासकाने ओळखलं. काहींना हे हिब्रू मूळ नसून ग्रीकवरून परत हिब्रूत केलेलं वाटायचं. 1964 मध्ये इस्रायलमधल्या मसादाच्या किल्ल्यात या पुस्तकाची प्राचीन हिब्रू गुंडाळी सापडली आणि ती शंका बरीचशी मिटली.

वाचायला 38 व्या अध्यायापासून घ्या. वैद्याचा मान राखा, औषधं देवानेच जमिनीतून दिली, असं तो सांगतो. नांगरणारा, लोहार, कुंभार यांच्याशिवाय शहर वसत नाही, हेही तिथेच आहे. 42 व्या अध्यायात मुलींबद्दल जे लिहिलंय ते मला कधीच पटलेलं नाही. पण ते गाळू नका.