नवी मुंबईत पाणथळ जागा पालिका कशी वाचवते? भराव पडताना दिसला तर जायचं कुणाकडे?

नेरूळमध्ये वीसेक वर्षं राहते, म्हणून इथलंच सांगते.

पालिका जे स्वतःचं आहे ते जीव लावून जपते. मोरबे धरण तिने २००२ साली विकत घेतलं, त्यामुळे पिण्याच्या पाण्याची चिंता आपल्याला शेजारच्या शहरांपेक्षा कमी. पाणथळीचं तसं नाही. खाडीकाठची बरीचशी जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, तिवरांचं (खाडीतल्या खारफुटीच्या झाडांचं) रक्षण वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, आणि पालिकेकडे गटारं, कचरा, विकास आराखडा. म्हणून ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळतं. ते ऐकून परत फिरू नका.

पाणथळ मारायला भरावच लागतो असंही नाही. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली तरी पुरे. सीवूड्सचा डीपीएस तलाव २०२४ मध्ये असाच कोरडा पडला. त्याच हंगामात या भागात फ्लेमिंगो मेले, ते दिवस मी विसरलेले नाही.

पालिकेची खरी कसोटी धारण तलावांवर लागते. खाडीत भराव घालून वसवलेलं आपलं शहर सखल आहे, म्हणून सिडकोने हे तलाव बांधले: भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. आता त्यांत गाळ साचलाय आणि गाळावर तिवरं उगवलीत. गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात, आणि हायकोर्टाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. ही अट मला योग्यच वाटते. पण परवानगीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळतं आणि पावसाळ्यात पाणी लोकांच्या घरात शिरतं, हे मला मान्य नाही.

आमच्या सोसायटीमागे रात्री राडारोड्याचे डंपर येत. पहिला अर्ज मी एकाच कार्यालयात दिला, तो तिथेच पडून राहिला. तुम्ही पालिकेचं विभाग कार्यालय, सिडको आणि कांदळवन कक्ष, तिन्हीकडे एकाच दिवशी द्या आणि आवक क्रमांक घ्या. तिवरांपासून ५० मीटरच्या पट्ट्यात राडारोडा टाकायला हायकोर्टाची बंदी आहे, २०१८ चा तो निकाल अर्जात लिहा. तरीही हालचाल झाली नाही तर बेलापूरच्या कोकण भवनात जा. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली हायकोर्टाने नेमलेली समिती याच तक्रारींसाठी आहे. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या की तुमच्या तळ्यावर कोणतं आरक्षण टाकलंय तेही बघा, तिथे पालिकेला हात झटकता येत नाहीत.

फोटो मात्र ओहोटीच्या वेळी काढा. पाणी आत यायचा बुजलेला पाइप भरतीला पाण्याखाली जातो.